पाणी कुठवर होतं

बसा. चहा टाकते.
ती फीत मात्र गुंडाळून ठेवा, तातेविक,
चित्राला फूटपट्टी लावलेली त्याला खपायची नाही,
मेल्यावरही.

तुमच्या खात्याला हवंय ते ऐकायला सोपं आहे:
सेवान तळं तेव्हा कुठवर भरलेलं होतं,
त्या साली, जूनमध्ये, शोर्झाच्या या काठाला.
फोटो नाहीत. नोंदवह्या उंदरांनी कुरतडल्या.
उरली गारेगिनची एकेचाळीस चित्रं
आणि मी, त्याची पेटी वाहणारी.

तेरा वर्षांची होते. पगार आठवड्याला एक इश्खान मासा,
तोही गळाला लागला तर.
पहाटे चारला निघायचो.
माझ्या वेणीला जवसाच्या तेलाचा वास यायचा,
शाळेत कुणी शेजारी बसत नसे.
वाऱ्याने कॅनव्हास शिडासारखा फुगायचा,
म्हणून तिकाटण्याला दोरीने एक धोंडा टांगलेला,
आणि धोंडाही हलायला लागला
की धोंड्याला धरून मी.

त्याला पाणी रंगवायचं नव्हतंच, हे आधी लिहून घ्या.
म्हणायचा, पाण्यापाशी स्वतःचं काय असतं?
उधारीवर जगतं बिचारं.
निळं आभाळाकडून घेतं, तांबूस डोंगराकडून,
आणि मध्येच एक राखाडी येतो, जो कुणाचाच नसतो.
त्याच्यासाठी आपण इथे कुडकुडतोय, पोरी.

सूर्य डोंगराच्या वर यायच्या आधी
तो राखाडी पाव घटका टिकायचा. तेवढ्यात गारेगिन
चित्राकडे बघायचाच नाही.
डोळे किलकिले करून पाण्याकडे, आणि हात आपला चालू,
अंधारात भाकरीचं टोपलं चाचपावं तसा.
मग ऊन पडायचं.
तो सुरी घ्यायचा, निम्मं खरवडून टाकायचा,
"उशीर झाला," म्हणायचा.
रोज. जशी काही गाडी चुकली.

आता हा काळा कातळ.
याच्याशेजारी तुम्ही वहीत खूण केलीत, दिसली मला.
अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. पुरावा म्हणून झकास.
पण कातळ तिथे नव्हता हो.
तो होता दीडशे पावलं वर, कोरड्यात,
मेंढ्या त्याला अंग घासायच्या.
गारेगिनने चहाच्या दोन घोटांमध्ये
तो ब्रशच्या टोकावर उचलून खाली आणला,
कारण डाव्या कोपऱ्यातून उजेड सांडत होता
आणि त्याला अडवायला काहीतरी जड हवं होतं.

मी भांडले. हे खोटं आहे, म्हटलं.
तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी
जसंच्या तसं काढून दाखवलं:
काठ जिथल्या तिथे, कातळ मेंढ्यांपाशी,
गोटेसुद्धा मोजून.
दोघं बघत उभे राहिलो.
सगळं होतं त्यात. सकाळ नव्हती.

तेच तर तुम्हाला हवं होतं, नाही का?
त्याने ते कोंबड्यांच्या खुराड्यावर ठोकलं, रंगाची बाजू खाली.
सात हिवाळे त्याने बर्फ अडवला.
कोंबड्यांनी तेवढं एक खरं चित्र
खालून निवांत पाहिलं असेल.

नका तोंड पाडू. चहा घ्या.
तो धोंडा आहे अजून.
दोरीचा काच पडलाय त्याच्या कमरेला, बोट फिरवलं की कळतो.
तिथून मी ब्रश धुवायला जायची ती चार पावलं,
तेरा वर्षांच्या पोरीची चार.
आता त्या जागी गवत आहे आणि पाणी पार खाली.
धोंडा मधल्या काळात कुणी सरकवला असेल तर
मला ठाऊक नाही, आधीच सांगते.

दाखवीन. पण निघायचं ते चारला.
जाड कोट घाला.
आणि फीत लगेच काढू नका,
पाव घटका नुसतं बघा, डोळे किलकिले करून.
मोजायला मग दिवसभर ऊन आहेच.